नवे टायर टाकले की ॲव्हरेज पडतं का? (स्विफ्ट पेट्रोल, १६५/८० आर १४, कुंभार्ली घाट)

वाशिष्ठीकाठ | चिपळूण

नमस्कार. गाडी २०१८ची स्विफ्ट, पेट्रोल, व्हीएक्सआय. चाकं साधी लोखंडी, टायरचा साइज १६५/८० आर १४ (रुंदी १६५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८० टक्के, चाक १४ इंची). कंपनीतून आलेले टायर पूर्वीच बदलून झाले. आता पुढच्या दोन टायरची नक्षी खाचेतल्या पट्टीला टेकायला आली आहे. मागचे त्या मानानं बरे दिसतात.

माझी आई पाटणला असते. शनिवारी शाळा सुटली की मी निघते. पोफळी, कुंभार्ली घाट, हेळवाक, कोयनानगर करत पाटण, आणि रविवारी संध्याकाळी परत. पावसाळ्यातही जाणं चुकत नाही, कारण आई एकटी आहे. बाकी आठवडाभर शाळा आणि घर. वर्षाला साधारण बारा हजार किलोमीटर होतात. टाकी फुल करून पुन्हा फुल करेपर्यंतचा हिशोब धरला तर गाडी १८ देते.

आमच्या शेजाऱ्यांकडे हीच गाडी आहे. त्यांनी जूनमध्ये चारही टायर बदलले आणि तेव्हापासून १९चं ॲव्हरेज १७वर आलं. साइज तोच, फक्त कंपनी दुसरी. ते म्हणतात, "टायरनं पेट्रोल खाल्लं." इथल्या दुकानदाराचं म्हणणं, १८५/७० आर १४ टाका, रुंद टायरला ग्रिप जास्त, घाटाला हाच हवा. आणि माझा मावसभाऊ सांगतो की पेट्रोल वाचवणारे म्हणून जे टायर मिळतात ते पावसात घसरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस.

तिघं तीन दिशेला. टायरनं ॲव्हरेजमध्ये खरंच दोन-दोन किलोमीटरचा फरक पडतो का? आणि पेट्रोल वाचवायला गेलं तर घाटातली पकड जाते का? पैशाचा प्रश्न आहेच, पण मला रात्री धुक्यात त्या घाटातून उतरायचं असतं, म्हणून दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

---

पनवेल_सीएनजी

ताई, माझ्या गाड्या भाड्यानं चालतात, सगळ्या सीएनजी. आजवर बऱ्याच कंपन्यांचे टायर वापरले. कंपनी बदलली म्हणून ॲव्हरेजमध्ये ठळक फरक पडलेला मला दिसला नाही. हवा कमी असली की मात्र लगेच दिसतो. आमच्याकडे सोमवारी सकाळी, गाडी जागची हलायच्या आधी, चारही चाकं आणि स्टेपनी गेजनं तपासायची हा नियम आहे. ड्रायव्हर कितीही जुना असला तरी "लाथ मारून बघितली, बरोबर आहे" हे आम्ही चालवून घेत नाही. रेडियल टायर हवा सात-आठ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी असतानाही डोळ्यांना नीटच दिसतो.

गेज स्वतःचं घ्या. महाग नसतं. पंपावरची गेजं आपटून आपटून बिघडलेली असतात.

---

पेट्रोल_वही | पुणे

मी प्रत्येक टाकीची नोंद वहीत ठेवतो, म्हणून लिहितोय. माझीही स्विफ्ट, तुमच्यासारखीच १६५/८० आर १४वर होती. हौसेनं १५ इंची अलॉय घातले आणि त्यावर १९५/६५ आर १५ टायर. ॲव्हरेज एक किलोमीटरहून जास्त पडलं आणि तिथंच राहिलं. तेव्हा टायरनं फरक पडतो, चांगलाच पडतो. दुकानदार रुंद टायर सांगतोय तो घेऊ नका.

दुसरं, शेजाऱ्यांना विचारा की १९ हा आकडा केव्हाचा. आधी पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असायचं, आता वीस टक्के असतं. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. दहाचं वीस झालं की निव्वळ ऊर्जेच्या हिशोबानं तीन-साडेतीन टक्के तिथंच गेले. १९चे साडेअठराच्या खाली, टायरला हात न लावता. जुनी आठवण आणि नवा आकडा यांची तुलना करायची तर इंधन तेच होतं का हे आधी बघावं.

---

कराडचा_टायरवाला

ताई, माझं कराडला टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे, वडिलांच्या काळापासून. घाट चढून येणारी चिपळूण-गुहागरची गिऱ्हाइकं नेहमीची, त्यामुळे तुमचा रस्ता आणि त्या रस्त्यानं टायरचं काय होतं ते माझ्या परिचयाचं आहे. सविस्तर लिहितो. घाईत असाल तर एवढंच धरा: साइज १६५/८० आर १४ हाच ठेवा, आणि टायर निवडताना ओल्या रस्त्यावरची पकड आधी बघा, पेट्रोल नंतर.

टायर पेट्रोल खातो म्हणजे नेमकं काय होतं? गाडीचं वजन जिथं रस्त्यावर टेकतं तिथं रबर दबतं. चाक फिरलं की तो भाग सुटतो आणि पुढचा दबतो. दाबायला जेवढा जोर लागला तेवढा सुटताना परत मिळत नाही. मधली तूट उष्णता होऊन जाते. लांबून आलेल्या गाडीच्या टायरला हात लावून बघा, ती ऊब तुमच्या टाकीतून आलेली असते. याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात आणि तो वजनाच्या टनामागे किती किलोचा अडथळा, असा मोजतात. बाजारातले बरेचसे टायर टनाला ९ ते ११ किलोच्या दरम्यान येतात, पेट्रोल वाचवण्यासाठी बनवलेले ७-८च्या घरात. तुमची स्विफ्ट माणसं आणि सामान धरून हजार किलोची म्हणा. टनाला १० किलोवाला टायर असेल तर गाडी चालू असेपर्यंत कोणीतरी तिला १० किलोच्या जोरानं मागं ओढतंय असं समजा. चढ असो, उतार असो, सपाटी असो.

आता हिशोब. १० किलोचा जोर म्हणजे ९८ न्यूटन. तो १०० किलोमीटर ढकलायला ९.८ मेगाज्यूल लागतात. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल असतात, पण चाकापर्यंत पोचतात त्यातले पाव, म्हणजे ८. म्हणजे शंभर किलोमीटरला सव्वा लिटरच्या आसपास पेट्रोल फक्त रबर दाबण्यात जातं. १८च्या ॲव्हरेजनं तुमची गाडी शंभराला साडेपाच लिटर पिते. त्यातला साधारण पाचवा हिस्सा टायरचा झाला. उरलेलं हवा कापायला, घाट चढायला, ब्रेकमध्ये, एसीत.

हा पाचवा हिस्सा लक्षात ठेवला की कोणाचा दावा खरा आणि कोणाचा फुगवलेला ते आपलं आपल्याला कळतं. रोलिंग रेझिस्टन्स दहा टक्क्यांनी घटला तर पेट्रोल फार तर दोन टक्के वाचेल. १०चा टायर काढून ८चा घातला, आणि हा मोठाच फरक आहे, तर तीन ते चार टक्के. तुमच्या १८चे साडेअठरा, किंवा त्याहून थोडे वर. टायर बदलून १८चे २२ करून देतो असं कोणी म्हणालं तर तिथून निघा.

उलट बाजूनंही तेच. तुमच्या शेजाऱ्यांचं १९चं १७ झालं म्हणजे साडेदहा टक्के पडलं. एकट्या टायरनं एवढं पडायचं तर नव्या टायरचा अडथळा जुन्याच्या दीडपट हवा. त्याच साइजमध्ये कंपनी बदलून एवढा फरक सहसा होत नाही. मग पेट्रोल गेलं कुठं? इंधनाचं पेट्रोल_वही यांनी सांगितलंच आहे. बाकीचं मी सांगतो.

गाडी किलोमीटर मोजते ते चाकाचे फेरे मोजून. तुमच्या साइजचं नवं चाक ६२० मिलिमीटर व्यासाचं. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटरच्या आसपास खोल असते, गिऱ्हाईक बदलायला येतं तेव्हा ३ उरलेली. वरून ५ गेले, खालून ५ गेले, व्यास ६१० झाला. लहान झालेलं चाक तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे मारतं आणि मीटर दीड टक्का जास्त किलोमीटर दाखवतो. शेजाऱ्यांचे १९ खरं तर पावणेएकोणीसच्याही आतले होते. नवे टायर घातले आणि मीटर खरं बोलायला लागला.

दुसरं कारण जास्त मोठं. झिजलेल्या टायरमध्ये दबायला रबरच कमी उरतं, म्हणून त्याचा अडथळाही कमी. नव्या टायरच्या मानानं आयुष्याच्या शेवटी तो वीस-पंचवीस टक्क्यांनी उतरलेला असतो. म्हणजे अगदी त्याच कंपनीचा, तोच टायर नवा आणून घातला तरी ॲव्हरेज तीन-चार टक्के पडणारच. टायरची सगळ्यात चांगली ॲव्हरेज तो फेकायच्या लायकीचा होतो तेव्हाची असते. हे वाचून कोणी गुळगुळीत टायर आणखी एक पावसाळा ताणायला जाऊ नका, हात जोडून सांगतो. कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत चालवू देतो, पण कोकणातून ये-जा करणाऱ्याला मी ३ मिलिमीटरलाच टायर बदलायला सांगतो. धंद्यासाठी सांगतोय असं कोणाला वाटलं तरी चालेल. खाचेत पाणी मावायला जागा नसेल तर टायर रस्त्याला टेकत नाही, पाण्यावर तरंगतो.

आणि शेजाऱ्यांनी टायर बदलले जूनमध्ये. ओल्या रस्त्यावर चाकाला पाणी बाजूला सारत जावं लागतं. टायर गरम होत नाही, आणि थंड रबर दबताना जास्त ताकद खातं. काचेवरचं बाष्प घालवायला एसी चालू. मे महिन्यातल्या कोरड्या रस्त्याचा आकडा जूनच्या आकड्यासमोर ठेवलाच तर टायरवर अन्याय होतो. त्यांना सांगा, पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजा.

अलाइनमेंट केली का तेही विचारा. नवे टायर घातले आणि "अलाइनमेंट पुढच्या खेपेला" असं म्हणणारे रोज भेटतात. टो, म्हणजे दोन्ही चाकांचं एकमेकांना समांतर असणं, बिघडलेली असेल तर दोन्ही चाकं किंचित तिरकी धरून रस्त्यावर घासत चालतात. त्यात पेट्रोलही जातं आणि टायरही. तपासणं सोपं आहे. पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळहात आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा. एकीकडून गुळगुळीत लागलं आणि उलट फिरवताना कडा टोचल्या, तर अलाइनमेंट गेलेली आहे.

पेट्रोल_वही, तुमच्या आकड्यांबद्दल. १९५/६५ आर १५चा व्यास ६३४.५ मिलिमीटर होतो, म्हणजे मूळच्यापेक्षा २.४ टक्के मोठा. तुमचा मीटर आता प्रत्येक शंभर किलोमीटरला ९७.६च दाखवतो. वहीतल्या नव्या नोंदींना १.०२४नं गुणा, पडलेल्या किलोमीटरमधला बराचसा तिथंच परत मिळेल. उरलेला फरक खरा: चाक जड झालं, रुंद टायर वारा जास्त अडवतो. पण रुंदीपेक्षा रबराचं मिश्रण आणि आतली बांधणी जास्त मोजली जाते. साधा अरुंद टायर चांगल्या रुंद टायरपेक्षा जास्त पेट्रोल खाताना मी पाहिलाय.

मग ताई, तुमच्या दुकानदाराचं १८५/७० आर १४ का नको? पेट्रोलसाठी नाही. त्याचा व्यास ६१५च्या आसपास येतो, मीटरमध्येही फारसा फरक नाही. कोरड्या रस्त्यावर वळणात तो जरा जास्त ठाम वाटतो, हे दुकानदाराचं खरं आहे. पण कुंभार्लीत पावसाळ्यात डोंगराचं पाणी रस्ता आडवा ओलांडून दरीत जातं. टायर जेवढा रुंद तेवढं जास्त पाणी त्याला त्याच वेळात बाजूला सारायचं असतं, आणि गाडीचं वजन तर तेवढंच. म्हणून साचलेल्या-वाहत्या पाण्यावर अरुंद टायर रस्ता आधी पकडतो. स्विफ्टसारख्या हलक्या गाडीला १६५ची रुंदी कमी नाही. गाडी बनवणाऱ्यानं तो साइज काटकसर म्हणून दिला असेलही, पण तुमच्या घाटाला तो बरा आहे.

आता मावसभावाचं. त्यांचं म्हणणं एके काळी खरं होतं. रबर दबून सुटताना ऊर्जा गिळतं म्हणूनच ते रस्ता पकडतं. ते गिळणं कमी केलं की पेट्रोल वाचायचं आणि पकड जायची. पण या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेगानं घडतात. ताशी ७० किलोमीटरला तुमचं चाक सेकंदाला दहाएक फेरे मारतं, म्हणजे रबराचा तुकडा सेकंदाला दहाएक वेळा दबतो. ब्रेक मारल्यावर मात्र तेच रबर डांबरातल्या खडीच्या बारीक टोकांवरून घासत जातं आणि सेकंदाला हजारो वेळा थरथरतं. सावकाश दबताना कमी गिळायचं आणि जलद थरथरताना भरपूर गिळायचं, असं रबर बनवता आलं की दोन्ही साधतं. काजळीच्या जागी बराचसा सिलिका घालून हे जमवलं गेलं. मिशलिननं १९९२मध्ये असा टायर बाजारात आणला आणि पुढे बाकीच्यांनीही तो मार्ग धरला. त्यामुळे पेट्रोल वाचवणारा टायर पावसात घसरतोच असं आज म्हणता येत नाही. पण सिलिकाचं मिश्रण महाग पडतं. स्वस्तातला टायर "फ्युएल सेव्हर" म्हणून विकला जात असेल तर पकडीतून काटलंय का हे विचारायलाच हवं. दोन्ही गुण हवे असतील तर टायरमागे थोडे पैसे जास्त मोजावे लागतात.

हवेबद्दल पनवेलच्या दादांनी लिहिलंय त्यात दोन गोष्टी जोडतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, टायरवर कोरलेला आकडा हा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नसतो. चारही टायरमध्ये एक पीएसआय कमी झाला की ॲव्हरेज ०.२ टक्क्यांनी पडतं असा अमेरिकी सरकारचा आकडा आहे, म्हणजे सहा कमी झाले तर सव्वा टक्का. आणि घाट उतरून आल्याबरोबर हवा तपासू नका. गरम टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. पंपावरचा मुलगा ती सोडून देतो आणि सकाळी टायर कमी हवेवर निघतो. ॲव्हरेज वाढावं म्हणून कोणी पाच-सात जास्त भरायला सांगेल, तेही नको. टायर मधोमध टेकतो, कडा उचलतात, ओल्या रस्त्यावर ब्रेक लांबतो.

---

आइंडहोवनकर | नेदरलँड्स

कराडच्या दादांनी गणित फार सुरेख मांडलंय. इथं टायर घेताना ते गणित लेबलवरच छापून येतं, म्हणून त्याबद्दल लिहितो. युरोपात २०१२पासून प्रत्येक टायरला लेबल सक्तीचं आहे आणि १ मे २०२१पासून नवं लेबल आलं. इंधनाला एक अक्षर, ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकला एक अक्षर, दोन्ही ए ते ई, शिवाय आवाज. कारच्या टायरला इंधनाचा ए म्हणजे टनाला ६.५ किलो किंवा कमी, बी ७.७पर्यंत, सी ९पर्यंत, डी १०.५पर्यंत, त्यापुढे ई. ओल्या रस्त्याच्या अक्षरात एक पायरी खाली आलं की ताशी ८०वरून थांबायला साधारण ३ ते ६ मीटर जास्त लागतात. मी गाडीला घेतले ते पावसाला ए आणि इंधनाला बी. दोन्ही अक्षरं वरची असलेले टायर मिळतात, तेव्हा मावसभावाची काळजी आता तितकी उरलेली नाही.

भारतातही काही हललं आहे. २८ जून २०२२च्या अधिसूचनेनं कार, बस आणि ट्रकच्या टायरना रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांच्या मर्यादा लागू झाल्या. नव्या डिझाइनला १ ऑक्टोबर २०२२पासून, आधीपासून विकल्या जाणाऱ्यांना पुढच्या वर्षी टप्प्याटप्प्यानं. फ्रिज आणि एसीला तारे देणारी बीईई ही संस्था टायरलाही तारे देते, पण ते ऐच्छिक असल्यामुळे सगळ्यांवर दिसत नाहीत. आणि ते इंधनाचे तारे आहेत, ब्रेकचे नव्हेत, हे ध्यानात असू द्या. काही टायरवर गोलात ई लिहिलेलं असतं आणि शेजारच्या क्रमांकाच्या शेवटी एस२डब्ल्यूआर२ अशी अक्षरं असतात. आवाज, ओला रस्ता आणि रोलिंग रेझिस्टन्स या तिन्ही चाचण्यांत तो टायर उतरलाय असा त्याचा अर्थ. दुकानात उभं राहून पाच मिनिटांत बघता येतं.

एक सावधगिरी. युरोपच्या संकेतस्थळावर त्याच नावाच्या टायरची अक्षरं बघून भारतात खरेदी करू नका. नाव एक असलं तरी मिश्रण बाजारागणिक बदलतं. गाडीसोबत कारखान्यातून येणारा टायर आणि दुकानातला त्याच नावाचा टायर यांतही फरक असू शकतो. भारतात २०१७पासून गाडी कंपन्यांना सरासरी कार्बन उत्सर्जनाची मर्यादा आहे, आधी किलोमीटरला १३० ग्रॅम, २०२२-२३पासून ११३. तो आकडा गाठायला कंपन्या टायरवाल्याकडून कमी अडथळ्याचा टायर खास बनवून घेतात. म्हणून पहिले टायर बदलल्यावर अनेकांना ॲव्हरेज पडलेलं जाणवतं, आणि ते पुढे पूर्णपणे परत येत नाही.

---

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शेजाऱ्यांना हे वाचून दाखवलं. त्यांनी अलाइनमेंट केली नव्हती आणि तळहाताला कडा टोचतात! ते उद्या जाणार आहेत.

कराडच्या दादा, आणखी विचारते. पेट्रोलचा फरक पैशात किती होईल? आणि आत्ता चारही टायर घेणं मला जमणार नाही. पुढचे दोन संपलेत, मागच्यांत नाणं घालून बघितलं तर चार मिलिमीटरच्या आसपास नक्षी आहे. पुढेच इंजिन, पुढचीच चाकं ओढतात, तर नवे दोन पुढे घातले की भागेल ना?

---

कराडचा_टायरवाला

ताई, बारा हजार किलोमीटर १८नं म्हणजे वर्षाला ६६७ लिटर. १०४ रुपये धरले तर एकोणसत्तर हजारांचं पेट्रोल. टायर खरोखरच टनाला दोन किलोनं चांगला निघाला तर त्यातले साडेतीन टक्के, म्हणजे चोवीसशे रुपये वर्षाचे. टायर चाळीस हजार किलोमीटर चालला तर सात-आठ हजार. निम्माच चांगला निघाला तर निम्मे. म्हणून टायरमागे पाचशे-हजार जास्त देऊन पावसाला चांगला आणि पेट्रोललाही बरा असा टायर घेणं तुमच्या धावेला परवडतं. नुसतं पेट्रोल बघून पकडीत तडजोड करणं मात्र कुठल्याच हिशोबात बसत नाही.

दोन टायरचं काळजीपूर्वक वाचा. नवे दोन मागे घाला, आणि मागचे चार मिलिमीटरवाले पुढे आणा. पुढची चाकं ओढणारी असली तरी असंच. ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जायला बघते. तुम्ही ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलता, वजन पुढे येतं, स्टीअरिंग पुन्हा धरतं. मागची सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ती सावरणं भल्याभल्या ड्रायव्हरांना जमत नाही. पाय उचलला तर आणखी फिरते. उतारावर वजन आधीच पुढे झुकलेलं असतं, मागची चाकं हलकी झालेली असतात. म्हणून चांगले टायर मागेच. गिऱ्हाइकं वाद घालतात तरी मी हे सोडत नाही. दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नावाचे घ्या.

मागचे पुढे आणायच्या आधी त्यांची तारीख बघा. साइडवॉलवर डीओटी या अक्षरांपाशी शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या वरचे असतील आणि बाजूच्या रबरावर बारीक भेगा दिसत असतील, तर नक्षी कितीही असली तरी ते घाटासाठी नकोत. मग दोनऐवजी चारांची सोय करावी लागेल, हप्त्यानं घेतले तरी चालतील. कडक झालेलं रबर ओल्या डांबराला धरत नाही.

आणि शनिवारी घाटाला निघायच्या दिवशीच टायर बदलू नका. साच्यातून सुटावा म्हणून लावलेला थर नव्या टायरवर राहिलेला असतो, सुरुवातीचे दीड-दोनशे किलोमीटर तो थोडा निसरडा लागतो. रविवारी परत आलात की सोमवारी घाला, चार दिवस चिपळुणातल्या चिपळुणात फिरवा, आणि पहिल्या शनिवारी पाऊस असेल तर घाटात वेग नेहमीपेक्षा कमी ठेवा.